याद्यांची बैठक आणि खर्चाची वही

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' या म्हणीने दोन्ही कार्ये एकाच तागडीत घातली, आणि त्यात काही चुकले नाही. दोन्हींत आधी केलेला अंदाज कोलमडतो आणि दोन्हींत ऐनवेळी सल्लागार वाढतात. तरीही एक फरक उरतोच. घरासाठी कर्ज मागणाऱ्या ग्राहकाला बँक त्याचे उत्पन्न विचारते, वय विचारते, निवृत्तीस किती वर्षे उरली हे पाहते आणि हप्ता झेपेल तेवढीच रक्कम मंजूर करते. लग्नाच्या खर्चाला असा मंजुरी अधिकारी नसतो. तेथे मंजुरी देतात ते मामा, आत्या, शेजारी आणि 'आपल्या घरातले हे शेवटचेच कार्य' हे वाक्य.

निवृत्तीस चार वर्षे उरलेल्या एखाद्या कारकुनाचे घर या संदर्भात डोळ्यांसमोर आणावे. थोरल्या मुलीचे लग्न ठरले आहे, धाकट्याचे शिक्षण अजून सुरू आहे. जवळ काही मुदत ठेवी आहेत आणि हाती यावयाचा भविष्य निर्वाह निधी आहे. लग्नाच्या मांडवात खर्च होणारा या घरातला प्रत्येक वरकड रुपया, कोणी मोठ्याने बोलून दाखवो वा न दाखवो, त्या पतिपत्नींच्या म्हातारपणातून उचललेला असतो. हौस आणि ऐपत यांची सांगड घालण्याचा प्रश्न अशा घरापुढे खऱ्या अर्थाने उभा राहतो.

हौस करूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची कारणे शोधताना एक मार्मिक निष्कर्ष नोंदविला: लग्नकार्यातील खर्चाला या बाबतीत अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग आयुष्यात क्वचितच येतात आणि तेवढा आनंद माणसाने करावा, अशीच आयोगाची दृष्टी होती. लग्नाच्या उधळपट्टीवर उठताबसता प्रवचने देणाऱ्यांनी हा जुना अहवाल अवश्य आठवावा.

जुन्या रीतीत खर्चावर अंकुश ठेवण्याची एक सोय होती. तिचे नाव 'याद्या'. दोन्हीकडची वडील मंडळी एकत्र बसत. कोणी काय करावयाचे, मानपान कोणाचा, दागिने कोणते, जेवणावळ कोणाकडे, हे सारे कागदावर उतरे. कागदाला हळदकुंकू लागे आणि एकेक प्रत दोन्ही घरी जाई. या बैठकींत पुष्कळदा घासाघीस होई आणि हुंड्याचे आकडेही ठरत, हे नाकारता येणार नाही. १९६१च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरले आहेत, तेव्हा ते कलम यादीतून बाद झालेच पाहिजे. परंतु खर्चाचे बोलणे आधी, समोरासमोर आणि लेखी व्हावे ही त्या रीतीतील जाण आजही उपयोगाची आहे. खर्च निम्मानिम्मा करावयाचा असे अनेक घरांत आता सहज ठरते. पण निम्मा म्हणजे कशाचा निम्मा, हे न ठरल्यामुळे मागाहून व्याह्यांमध्ये अबोला येतो. एका पक्षाची माणसे दोनशे आणि दुसऱ्याची पाचशे असतील तर 'निम्मा' या शब्दाला काही अर्थ राहत नाही. ज्याची जितकी माणसे तितक्या ताटांचा खर्च त्याचा, आणि कार्यालय, गुरुजी, छायाचित्रकार एवढेच समाईक, अशी वाटणी अधिक न्याय्य ठरते.

गंमत अशी की, खर्चाचा सर्वांत मोठा आकडा बहुधा याद्यांत लिहिलाच जात नाही. तो आकडा म्हणजे माणसांची संख्या. वर उल्लेखिलेल्या कारकुनाच्या वहीत सहाशे नावे आहेत असे समजू. ताटाचा दर उदाहरणादाखल ४०० रुपये धरला तर एका वेळच्या जेवणाचे २,४०,००० रुपये होतात. अडीचशे माणसे असली तर हाच आकडा १,००,००० वर येतो. फरक एवढ्यावरच थांबत नाही. सहाशे माणसांना मोठे कार्यालय लागते, मोठ्या कार्यालयाला मोठी सजावट लागते, पत्रिका वाढतात, पाण्याच्या बाटल्या वाढतात, परतीच्या भेटवस्तू वाढतात. फुलांच्या कमानीत दोन हजार वाचविण्यासाठी तासभर वाद घालणारे घर नावांच्या यादीवर मात्र दहा मिनिटेही बसत नाही.

संख्या कमी केली म्हणून लग्न उणे होत नाही, हा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. धान्यटंचाईच्या जुन्या काळात जेवणावळींतील पाहुण्यांच्या संख्येवर सरकारी निर्बंध होते. मुंबईतील कित्येक स्वागत समारंभ तेव्हा आइस्क्रीमच्या एका वडीवर साजरे झाले. अलीकडे २०२० च्या उन्हाळ्यात साथीमुळे देशभर लग्नास पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्या दिवसांची भीती आणि दुःखे कोणालाही पुन्हा नकोत. परंतु त्या पंचवीस माणसांत कोण असावे हे ठरविताना घरोघर जो विचार झाला, तो एरवी कधीच होत नाही.

पूर्वी चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटावयाची नाही, सर्वांनी जेवावयास यावे. ते गावातल्या शेजारधर्माचे आमंत्रण होते. सामाजिक माध्यमांतून एका बोटाने हजार जणांना पत्रिका धाडणे ही त्याची आधुनिक आवृत्ती नव्हे. यादी करताना एकच कसोटी लावून पाहावी: गेल्या दोन वर्षांत या घराशी सुखदुःखाचे बोलणे झाले आहे काय? 'त्यांनी आपल्याला बोलावले होते' या सबबीचे ओझे मोठे असते, हे खरे. त्यावर तोडगाही आहे. मोजक्यांना लग्नास बोलवावे, आणि उरलेल्यांकडे नवदांपत्याने पुढील महिन्यांत पेढे घेऊन स्वतः जावे. हजारांच्या रांगेत उभे राहून वधूवरांशी क्षणभर हस्तांदोलन करण्यापेक्षा असे घरी आलेले जोडपे कोणत्याही वडीलधाऱ्यांना अधिक सुखावते.

बदलीच्या नोकरीमुळे इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे स्थळाचा प्रश्न असतो. अनेक शहरांत महाराष्ट्र मंडळांची सभागृहे आहेत, त्यांची चौकशी प्रथम करावी. नातलग मात्र बहुसंख्येने सांगली-साताऱ्यात असतील तर शंभर जणांना प्रवास घडविण्याऐवजी दहा जणांनी तेथे जाणे केव्हाही स्वस्त पडते.

तिथीचाही खर्चाशी संबंध आहे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांची झुंबड उडते, आणि त्यातही रविवारचा मुहूर्त सर्वांनाच हवा असतो. आठवड्यातील मधला दिवस किंवा सायंकाळचा गोरज मुहूर्त घेतला तर कार्यालय मिळणे सुलभ होते आणि भाड्याबाबत बोलण्यास जागा राहते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, लग्न पुढे ढकलले तर किती पैसे परत मिळतील, किमान किती ताटांचे पैसे द्यावे लागतील आणि वाढीव ताटे कशी मोजली जातील, या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासनांची आठवण मांडव उतरताना कोणालाच राहत नाही.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलेबी एवढ्या पदार्थांवर मराठी पंगती पिढ्यान् पिढ्या तृप्त झाल्या. आता चाट, चिनी, दाक्षिणात्य असे विभाग थाटले जातात आणि प्रत्येक विभागागणिक ताटाचा दर चढतो. माणूस मात्र एकाच पोटाने जेवतो. अडीचशे माणसे असतील तर पंगत बसविता येते, वाढपाला भाचे-पुतणे उभे करता येतात, आणि व्याह्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढता येते. हा आग्रह हाती रिकामी थाळी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्याच्या वाट्याला येत नाही.

लग्नानंतर वीस वर्षांनी लोक काय आठवतात, याचा कानोसा घेतला तर यादी मोठी मनोरंजक निघते. केळवणाला काकूंनी केलेली पुरणपोळी. अंतरपाट धरणाऱ्या दोन मामांच्या उंचीतला फरक. मंगलाष्टकांत मुलीच्या आत्याने स्वतः रचून म्हटलेले आणि शेवटच्या ओळीला ताल चुकलेले कडवे. कानपिळीच्या वेळी छोट्या भावाने नवरदेवाचा कान जरा जास्तच पिळला तो क्षण. रुखवतात आजीने मांडलेल्या हाताच्या शेवया आणि गव्हल्या. उखाणा विसरून नवरीने नुसतेच नाव घेतले तेव्हाचे हसू. यांपैकी कशालाही भाडे पडत नाही. रुखवत विकत मिळू लागले आहे खरे, पण विकतच्या रुखवतापुढे कोणी थबकून उभे राहत नाही. आईचा शालू किंवा पैठणी मुलीने नेसावी, लग्नाचे सूत्रसंचालन मावसभावाने करावे, दोन्ही घरच्या जुन्या छायाचित्रांची एक भिंत मांडवात उभारावी, यांसाठी पैशापेक्षा वेळ आणि मन लागते. छायाचित्रकाराला मात्र चांगले पैसे द्यावेत. तो दिवसभर नको, विधींच्या मोजक्या तासांपुरता असावा, पण आपल्या कामात तरबेज असावा.

मानपानाच्या साड्यांविषयी घरोघरच्या कपाटांना विचारावे. ठोक भावाने घेतलेली साडी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते, तेथून तिसऱ्यात, आणि कधीकधी घडीही न मोडता मूळ घरी परत येते. 'दोन्ही पक्षी मानपान नाही' हे एक वाक्य याद्यांत लिहिले गेले तर कोणाचाही मान कमी होत नाही.

साधेपणाला महाराष्ट्रात फार मोठी परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला या पद्धतीचा पहिला विवाह पुण्यात झाला. पुरोहितावाचून, वधूवरांनी एकमेकांस प्रतिज्ञा देऊन लागणाऱ्या या लग्नांसाठी जोतीरावांनी स्वतः मंगलाष्टके रचली व ती १८८७ मध्ये पूजाविधीच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. नोंदणी पद्धतीने विवाह करावयाचा असल्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची पूर्वसूचना आणि तीन साक्षीदार लागतात. पश्चिम महाराष्ट्रात तर अलीकडे साखरपुड्यासाठी जमलेल्या मंडळींच्या साक्षीने त्याच दिवशी लग्न उरकून घेतल्याच्या वार्ता वारंवार येतात. एका समारंभाचा पुरा खर्च त्यामुळे वाचतो. अर्थात हा निर्णय वधूवरांनीही मनापासून घेतलेला असावा. वडीलधाऱ्यांच्या उत्साहात त्यांचे मत विचारावयाचे राहून जाऊ नये.

आता पैशाच्या बाजूकडे. मुलगी वा मुलगा शिकत असतानाच आवर्ती ठेव सुरू केली तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. दरमहा ५,००० रुपये, छत्तीस महिने आणि व्याजदर साडेसहा टक्के धरला तर १,८०,००० रुपयांच्या भरण्यावर, कर वगळता, सुमारे १,९९,००० रुपये हाती येतात. तेवढेच दोन लाख लग्नाच्या तोंडावर बारा टक्के दराने कर्जाऊ घेतले आणि तीन वर्षांत फेडले तर मासिक हप्ता सुमारे ६,६४३ रुपये पडतो व एकूण भरणा २,३९,००० रुपयांवर जातो. म्हणजे त्याच मांडवासाठी जवळजवळ एकोणसाठ हजार रुपये अधिक. ऐनवेळी रक्कम कमी पडलीच, तर मुदत ठेव मोडण्याआधी तिच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची चौकशी करावी. थोड्या महिन्यांसाठी ते पुष्कळदा सोयीचे ठरते.

दागिन्यांची खरेदी करताना हॉलमार्कवरील सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक पाहून घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे. घडणावळ मोडीत परत मिळत नाही, हेही ध्यानी असावे. कार्यालय, आचारी, सराफ यांची देणी शक्यतो खात्यातूनच चुकती करावीत. एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच असतो. वधूवरांना लग्नानिमित्त मिळालेल्या भेटी प्राप्तिकरातून मुक्त आहेत. ही सवलत मात्र ज्याचे लग्न त्यालाच, त्याच्या आईवडिलांना नव्हे.

बँकेच्या खिडकीवर दर लग्नसराईत दिसणारी एक अडचण येथे नमूद करावयास हवी. आहेराच्या पाकिटात थोरल्या मंडळींचे धनादेश असतात, आणि ते हौसेने नव्या आडनावाने लिहिलेले असतात. त्या नावाचे खातेच नसल्याने ते जमा होत नाहीत. देणाऱ्यांना धनादेश मुलीच्या खात्यावरील नावानेच लिहिण्यास आधी सुचविले, तर हा हेलपाटा वाचतो. नाव बदलावयाचेच असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लवकर काढून घ्यावे.

पाहुणे परतल्यावर मराठी घरांत आहेराची वही लिहावयास बसतात. कोणी किती दिले, कोणाची साडी, कोणाचे भांडे, कोणी नुसताच आशीर्वाद. त्या कारकुनाच्या घरी ही वही आता मुलीच्या हाती असावी. डाव्या पानावर आहेर, उजव्या पानावर प्रत्यक्ष खर्च, आणि पहिल्या पानाला टाचलेली हळदीकुंकवाची बोटे उमटलेली यादी. चार वर्षांनी धाकट्याचे लग्न निघेल तेव्हा वडील निवृत्त झालेले असतील आणि सर्वांत आधी ही वही शोधली जाईल.