थांबावें, पण अर्धवट टाकूं नये

गेल्या वर्षीं मीं एका वाचनालयाच्या पुस्तकांची यादी संगणकावर ठेवण्यासाठीं सी भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. एके दिवशीं यादी नव्यानें लिहिली जात असतां कांहींतरी चुकलें असें वाटून मीं ‘कंट्रोल’ व ‘सी’ या कळा एकदम दाबल्या. प्रोग्रॅम थांबला खरा; परंतु जुनी यादी पुसली गेली होती आणि नवी अर्ध्यावर तुटली होती. तीन आठवड्यांचे श्रम वायां गेले. प्रत ठेवली नव्हती, हा दोष माझाच.

असें कां झालें? लिनक्ससारख्या पद्धतींत या दोन कळा दाबल्या म्हणजे साधारणतः प्रोग्रॅमाला अक्षर मिळत नाहीं. टर्मिनल सांभाळणारी यंत्रणा तें मध्येंच अडविते आणि समोर चालू असलेल्या प्रोग्रॅमाला ‘सिगइंट’ नांवाचा इशारा पाठविते. त्याचा क्रमांक २. प्रोग्रॅमानें कांहीं व्यवस्था केली नसेल, तर त्याचा जागच्या जागीं शेवट होतो.

व्यवस्था करावयाची म्हणजे इशारा आल्यास कोणतें फंक्शन चालवावें, हें ‘सिगअ‍ॅक्शन’च्या द्वारें आधींच सांगून ठेवावयाचें. येथें नवशिके एक चूक करतात. निरोप छापणें, फाइल मिटणें हीं सारीं कामें ते त्या फंक्शनांतच उरकूं पाहतात. परंतु इशारा केव्हां येईल याचा नेम नाहीं. ‘प्रिंटएफ’चें काम अर्ध्यावर असतां तो आला आणि आपण पुन्हां ‘प्रिंटएफ’लाच हांक मारली, तर प्रोग्रॅम कायमचा अडकूं शकतो.

फळ्यावर गणित चाललें असतां घंटा झाली, तर शहाणा शिक्षक खडू टाकून पळत नाहीं. घंटा झाली हें मनांत ठेवून तो चालू पायरी पुरी करतो, आणि मग वर्ग सोडतो. तसेंच येथें करावें. इशाऱ्याच्या फंक्शननें ‘व्होलाटाइल सिग_अ‍ॅटॉमिक_टी’ या प्रकारच्या एका चलाची किंमत ० ची १ करावी. याहून अधिक कांहीं करूं नये. मुख्य प्रोग्रॅमानें प्रत्येक नोंद पुरी होतांच तें चल पाहावें, व १ दिसल्यास आवराआवर करून बाहेर पडावें.

तथापि क्रमांक ९ चा ‘सिगकिल’ हा इशारा कोणालाही अडवितां येत नाहीं, आणि वीज तर न सांगतांच जाते. म्हणून नवी यादी निराळ्या नांवाच्या फाइलींत लिहावी, ‘एफसिंक’नें ती डिस्कवर उतरवावी, आणि मगच ‘रीनेम’नें तिला जुन्या फाइलीचें नांव द्यावें. मध्येंच कांहीं घडलें तरी जुनी यादी शाबूत राहते.

ती यादी मीं पुन्हां पहिल्यापासून लिहिली. आतां त्या दोन कळा दाबतांना माझा हात कांपत नाहीं.