ज्या दुःखाला समाचार नाही

पहिली कादंबरी : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण ‘कोसला’ (१९६३) वाचली. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची ती गोष्ट. आजची कादंबरीही पुण्याचीच आहे, पण ती घडते प्रामुख्याने एका मध्यमवर्गीय घरात. सचिन कुंडलकर यांनी विशीत लिहिलेली ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली मौज प्रकाशन गृहाने काढली. पुरुषाला पुरुषाबद्दल वाटणारी ओढ कायद्याच्या लेखी तेव्हा गुन्ह्याच्या सावलीत होती. कलम ३७७चा तो फास सर्वोच्च न्यायालयाने सोडवला ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी.

घरात एक भाडेकरू तरुण राहायला येतो. चित्रं काढणारा, आईवडील नसलेला, कुणाला फारसं काही न सांगणारा. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि बहीण अनुजाही. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. काही महिन्यांनी तो तिलाही सोडून नाहीसा होतो. या माणसाचं नाव कादंबरीत शेवटपर्यंत येत नाही.

कुंडलकरांची खरी ताकद मांडणीत आहे. पूर्वार्ध तनयचा, उत्तरार्ध अनुजाचा. तनय त्या गेलेल्या माणसाशीच बोलतो, कारण हे बोलायला त्याला दुसरं कुणीच नाही. अनुजा परत येते तेव्हा घर हादरतं, चिडतं, लोक काय म्हणतील म्हणून खचतं. पण तिच्यावर काहीतरी कोसळलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तनयवर तेच कोसळलेलं असतं, त्याच माणसामुळे, त्याच छपराखाली. त्याला मात्र कुणी ‘काय झालं रे?’ असंही विचारत नाही. अनुजाच्या प्रेमाची बदनामी तरी होते, तनयच्या प्रेमाची कुणी नोंदच घेत नाही. हा फरक कुंडलकर भाषण न करता दाखवतात.

इथे दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. बीड जिल्ह्यात २०१८मध्ये माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेची मोठी चर्चा झाली. आपण स्त्री की पुरुष, हा ओळखीचा प्रश्न आहे. आपलं मन कुणावर जडतं, हा वेगळा. तनयला आपण पुरुष असल्याबद्दल शंका नाही. त्याचं प्रेम पुरुषावर आहे, इतकंच.

पण बीडमध्ये बसून ही कादंबरी वाचताना एक गोष्ट बोचत राहते. तनयला मुंबई गाठता येते. इथल्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाचं काय? दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुतेक वेळा जोडीला. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको, एक तोडणारा, एक मोळी बांधणारी. एकट्याचा हिशेब ‘अर्धा कोयता’. म्हणून पोरगं हाताशी आलं की हंगामाआधी लग्न उरकण्याची घाई होते. शहरात लग्न टाळणाऱ्याला टोमणे ऐकावे लागतात. इथे घराची उचल घटते. ज्या मुलाचं मन दुसऱ्या मुलावर जडलंय, त्याच्या लग्नाचा निर्णय पैशाच्या हिशेबात आधीच झालेला असतो. आणि त्याच्याशी लग्न लागलेल्या मुलीचं आयुष्यही त्याच हिशेबात अडकतं. तिची बाजूही अनुजाइतकीच ऐकायला हवी.

‘कोबाल्ट ब्लू’ आता इतर भाषांतही पोचली आहे. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, २०२२मध्ये कुंडलकरांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. पण पुण्याच्या घरातलं सत्य सांगितलं म्हणून उसाच्या फडातलं सांगून होत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला कुणी मुलगा किंवा मुलगी आपली पहिली कादंबरी लिहायला बसेल, तर तिथे पहिलं वाक्य मुकादमाच्या वहीपासूनही सुरू होऊ शकतं. हा विषय शहरी आहे, असं सांगून कुणी त्यांना थांबवू नये. प्रेम इथेही आहे. ते लिहिण्याचा हक्कही इथलाच आहे.

(पुढील आठवड्यात : किरण नगरकर यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’)