शाळेच्या अंगणांतील भूगोल

माध्यमिक शाळेंतील भूगोल हा पाठांतराचा विषय आहे, ही समजूत फार जुनी आहे. नद्या, पर्वत, राजधान्या आणि पिकें यांच्या याद्या विद्यार्थी परीक्षेपुरत्या मुखोद्गत करतात व परीक्षा संपतांच विसरतात. अशा विद्यार्थ्यास एकच साधा प्रश्न विचारून पाहावा : शाळेजवळच्या ओढ्याचें पाणी शेवटीं कोणत्या समुद्रास मिळतें? पुष्कळ वेळां उत्तर येत नाहीं. ज्यास ॲमेझॉनचें मुख सांगतां येतें, त्यास घरामागील ओढ्याचा प्रवास ठाऊक नसतो. यांत मुलाच्या बुद्धीस बोल लावतां येणार नाहीं. शिकविण्याचा क्रमच उलटा झालेला असतो.

भूगोल म्हणजे भूमीविषयीं "कोठें?" आणि "कां?" हे दोन प्रश्न विचारण्याचें शास्त्र. "कोठें?" याचें उत्तर पुस्तक देऊं शकतें. "कां?" याचें उत्तर मात्र विद्यार्थ्यानें पाहून, मोजून व ताडून मिळवावें लागतें. त्यासाठीं महागडीं उपकरणें लागत नाहींत.

पहिलें साधन काठी. २१ मार्चच्या सुमारास, दिवस व रात्र सारखीं असतां, एक मीटर लांबीची काठी अंगणांत ओळंबा लावून सरळ उभी करावी आणि साडेअकरापासून सव्वा वाजेपर्यंत दर पांच मिनिटांनीं तिच्या सावलीचें टोंक खडूनें टिपावें. सर्वांत आंखूड सावली पुण्यास सुमारें ३३.५ सेंटिमीटर भरते, नागपुरास ३९ आणि पणजीस २८. काठी तेवढीच, दिवस तोच, मग सावली निराळी कां? पृथ्वीचा गोलाकार येथें मुलांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. काठी व सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणांत काढून काठीच्या माथ्याजवळचा कोन मोजला, तर पुण्यास तो सुमारें १८.५ अंश येतो. तोच पुण्याचा अक्षांश. शिवाय त्या दिवशीं पुण्यास सावली सर्वांत आंखूड होते, तेव्हां घड्याळांत साडेबारा वाजून गेलेले असतात. भारताचें घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाप्रमाणें चालतें. पुणें त्याच्या पश्चिमेस सुमारें साडेआठ अंशांवर आहे. आणि दर अंशास चार मिनिटें लागतात. या विलंबाचा बहुतेक हिशेब मुलें आपण होऊन मांडतात.

दुसरें साधन पावसाचे आंकडे. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं ५५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून वीस किलोमीटरांच्या आंत असलेल्या पांचगणीस त्याच्या निम्म्याहूनहि कमी. आणि आणखी पूर्वेस माण तालुक्यांत तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. हे आंकडे फळ्यावर लिहून शिक्षकानें क्षणभर गप्प राहावें. "उंचीमुळें" असें कोणी चटकन् म्हणेल. त्यास दाखवावें कीं, महाबळेश्वर व पांचगणी यांच्या उंचींत फारसा फरक नाहीं. दोन्ही गांवें १३०० मीटरांच्या आसपास आहेत. मग विचार सुरू होतो. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रि चढतांना थंड होतो, त्यांतील बाष्पाचें पाणी होतें व तें घाटमाथ्यावर कोसळतें. पलीकडे उतरतांना वारा पुन्हां तापतो आणि पाऊस ओसरतो. हें ज्यास उमगलें, त्यास 'पर्जन्यछाया' ही संज्ञा घोकावी लागत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकांत भारत व ब्राझील यांची तुलना योजिली आहे. माणदेश ज्यास समजला, त्यास ब्राझीलच्या ईशान्येकडील अवर्षणाचा मुलूख परका वाटणार नाहीं.

तिसरें साधन नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत एक सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील अर्धा किलोमीटर. त्यांतील तपकिरी समोच्चरेषा दाट असतील तेथें चढ उभा, विरळ असतील तेथें सौम्य. हा नकाशा हातीं घेऊन वर्गानें शाळेजवळचा ओढा पायीं पाहावा आणि त्याचें पाणी नदीपर्यंत बोटानें न्यावें. मग महाबळेश्वराजवळ उगम पावलेली कृष्णा, पश्चिम समुद्र इतका जवळ असतां, पूर्वेस सुमारें १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरास कां मिळते आणि त्याच डोंगरांतील सावित्री अरबी समुद्रास कां जाते, हें जमिनीचा उतारच सांगतो.

उतार ओळखणें ही केवळ परीक्षेची बाब नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर अतिवृष्टींत डोंगर खचला आणि सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मुलांस उतार, माती व पाणी यांचा संबंध शाळेंत समजला पाहिजे.

असें शिक्षण प्रसंगीं किती उपयोगीं पडतें, याचें उदाहरण परदेशांतील आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्रज मुलगी थायलंडमधील फुकेतच्या किनाऱ्यावर आईवडिलांसमवेत होती. समुद्र विचित्र रीतीनें फेंसाळतांना तिला दिसला. दोनच आठवड्यांपूर्वीं भूगोलाच्या तासास त्सुनामीचीं पूर्वचिन्हें तिला शिकविलेलीं होतीं. तिनें हट्ट धरला, लोकांस किनाऱ्यावरून हलविण्यांत आलें, आणि सुमारें शंभर माणसें वांचलीं.

अभ्यासक्रम मोठा आणि तास थोडे, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाहीं. परंतु काठीस वर्षांतून एक दुपार, पावसाच्या आंकड्यांस एक तास आणि ओढ्यास अर्धा दिवस पुरतो. एवढा वेळ काढला, तर पुस्तकांतील पुष्कळ पानें पुढें आपोआप हलकीं होतात, आणि शाळेमागील ओढा कोठें जातो हें सांगण्यास मुलास पुस्तक उघडावें लागत नाहीं.