फ्रेंच सॉस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रेंच सॉस म्हणजे मैदा, लोणी आणि क्रीम यांचे जड मिश्रण, असे सर्रास समजले जाते. मैदा लागतो तो बेशामेल, व्हलुते, एस्पान्योल अशा काही सॉसनाच. हॉलंडेज आणि मेयोनीजचा दाटपणा अंड्याच्या बलकावर अवलंबून असतो. मांस भाजल्यावर भांड्याच्या तळाला चिकटलेला खमंग अर्क वाइन किंवा स्टॉक घालून सोडवायचा आणि आटवायचा, एवढ्यावरही उत्तम सॉस होतो.

इतर सॉस ज्यांपासून होतात, त्या पाच मूळ सॉसची यादीही वाटते तितकी पक्की नाही. एकोणिसाव्या शतकात मारी-आंत्वान कारेम या फ्रेंच शेफने मुख्य सॉस चार मानले: एस्पान्योल, व्हलुते, आलमांद आणि बेशामेल. आज सांगितल्या जाणाऱ्या पाचांत आलमांद नाही. टोमॅटो आणि हॉलंडेज आहेत. ही यादी ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफच्या नावावर खपते. पण त्याच्या 1903 च्या मूळ फ्रेंच ग्रंथात मेयोनीजलाही एस्पान्योल आणि व्हलुतेच्या बरोबरीचे स्थान आहे, कारण बहुतेक थंड सॉस त्यापासूनच होतात.

लोणी आणि मैदा समान वजनात परतून केलेल्या मिश्रणाला रू म्हणतात. एक लिटर दुधाच्या मध्यम दाट बेशामेलला दोन्ही साधारण 60 ग्रॅम पुरतात. रू जितका जास्त भाजावा तितका सॉस दाट होतो, हा समज उलटा आहे. भाजताना स्टार्चचे रेणू तुटतात, त्यामुळे तपकिरी रू चवीला खमंग असला तरी दाटपणा कमी देतो. गरम रूमध्ये थंडच दूध घालावे, नाहीतर गुठळ्या होतात, हा नियमही अनावश्यक कडक आहे. कोमट दूधही चालते. गुठळी होते ती दूध भसकन ओतल्यामुळे: मैद्याच्या गोळ्याचे बाहेरचे आवरण शिजून चिकट होते आणि आत कोरडे पीठ अडकते. सुरुवातीला थोडेच दूध घालून मिश्रण गुळगुळीत घोटले, की पुढचे सहज मिसळते. उकळी येताच सॉस दाटतो, म्हणून तो झाला असेही नाही. कच्च्या पिठाची चव जायला मंद आचेवर आणखी 15-20 मिनिटे लागतात.

वाइन उकळली की मद्यार्क पूर्ण उडतो, हे खरे नाही. किती उरतो, हे वेळ आणि भांड्याची रुंदी यांवर ठरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार 15 मिनिटे शिजवलेल्या पदार्थात सुमारे 40 टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

सर्वाधिक दंतकथा मेयोनीजभोवती आहेत. एकाच दिशेने फेटले नाही तर ते फुटते, असे सांगतात. पाळी आलेल्या बाईने केले तर जमत नाही, अशीही समजूत फ्रान्समध्ये होती. महाराष्ट्रात लोणच्याबद्दल हेच ऐकवले जाते. हे सगळेच निराधार. मेयोनीज म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब, आणि बलकातील लेसिथिन व प्रथिने त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. सुरुवातीला तेल घाईने ओतले किंवा तेलाच्या मानाने पाणी कमी पडले, की थेंब एकत्र येतात. बलक अपुरा पडला असा निष्कर्ष लगेच काढला जातो. बऱ्याचदा चमचाभर पाणीच हवे असते. स्वच्छ भांड्यात ते पाणी किंवा नवा बलक घेऊन त्यात फुटलेला सॉस थोडा थोडा फेटत घातला की तो पुन्हा जुळतो.

हॉलंडेजमध्ये बिघाड दोन प्रकारचा असतो आणि त्यातला फरक ओळखणे महत्त्वाचे. नुसते लोणी सुटले असेल, तर फुटलेल्या मेयोनीजचाच उपाय चालतो. बलक शिजून त्याचे कण झाले असतील, तर ते पूर्ववत होत नाहीत. नुसता बलक 65 ते 70 अंश सेल्सिअसदरम्यान घट्ट होतो. पाणी आणि लिंबाचा रस मिसळल्यावर ही मर्यादा थोडी वर सरकते. म्हणून भांडे थेट आचेवर न ठेवता वाफेवर धरतात.

अंडे किंवा मैदा नसेल तर लोणी सॉसमध्ये टिकणार नाही, हा समज नांत परिसरातला बर ब्लाँ खोटा ठरवतो. व्हिनेगर किंवा पांढरी वाइन बारीक चिरलेल्या शॅलट कांद्याबरोबर आटवून त्यात थंड लोण्याचे तुकडे एकेक करून फेटतात. लोण्यात मुळातच सुमारे 16 टक्के पाणी आणि थोडी दुधाची प्रथिने असतात, तीच त्याला धरून ठेवतात. तापमान 60 अंशांच्या वर गेले की मात्र तूप सुटते. त्यामुळे हा सॉस आधी करून ठेवून उकळता येत नाही. तो वाढण्याच्या वेळीच करावा लागतो.