मुदतवाढीचा धूर

कोळशावरील वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच मर्यादा घातली. पूर्ततेसाठी दोन वर्षे दिली होती. पुढे मुदत पुनःपुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना, चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर, त्या मर्यादेतून सूटच मिळाली.

भारतीय कोळशात गंधक कमी आणि शुद्धीकरण यंत्रणा खर्चिक, हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु उंच चिमणी वायू नष्ट करीत नाही, केवळ दूर नेते. वाटेत त्यापासून सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. गेल्या शतकात ब्रिटनच्या उंच चिमण्यांतील गंधकाने नॉर्वे-स्वीडनमधील तळी आम्लयुक्त केली, हा इतिहास फार जुना नाही.

जुने केंद्र बंद केल्यास अंधार होईल, ही भीतीही तपासून पाहावी. १९७३ मध्ये सुरू झालेले दिल्लीचे बदरपूर केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले. राजधानीचे दिवे विझले नाहीत.

म्हणून प्रत्येक जुन्या संचासमोर दोनच पर्याय असावेत: ठरलेल्या तारखेपर्यंत यंत्रणा बसवणे किंवा निवृत्त होणे. विलंबाचा दंड पूर्ततेच्या खर्चाहून जड हवा. कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद बंदीच्या आदेशातच हवी. ज्यांनी वेळेत खर्च करून यंत्रणा बसवली, त्यांनाच आज मूर्ख ठरल्यासारखे वाटत असेल, तर पुढचा नियम कोण पाळील?