वणव्याच्या रानात पुन्हा घर

उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो. आपण तो लांबून पाहतो. पण ज्यांची घरे रानातच आहेत, त्यांनी काय करावे? एक गाव ही गोष्ट फार सोसून शिकले. ती आम्ही सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथे डोंगरावर, उंच झाडांच्या रानात पॅराडाइज नावाचे गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी जवळच्या रानात विजेच्या तारेमुळे आग लागली. वारा जोराचा होता. त्या वणव्यात ८५ माणसे दगावली. १८,००० हून अधिक इमारती जळाल्या.

पुढे लोक परत आले. पाहतात तो काय, कितीतरी ठिकाणी घराची राख झालेली, पण शेजारचे झाड हिरवेच! मग घर पेटलं कसं?

ठिणग्यांनी! वाऱ्यावर ठिणग्या दूरवर उडतात. पन्हळीतल्या पाचोळ्यात, भिंतीलगतच्या सरपणात, छपराच्या फटीत जाऊन बसतात. तेथे धुमसतात. मग घर पेटते. त्या घराची आग शेजारच्या घराला लागते.

म्हणून रानात नवे घर बांधताना ठिणगीला बसायला जागा ठेवू नये. छप्पर पत्र्याचे किंवा कौलांचे करावे. फटी बुजवाव्या. झरोक्यांना ज्वारीचा दाणा जाणार नाही अशी बारीक लोखंडी जाळी बसवावी. भिंतीपासून ५ फुटांपर्यंत जळणारी वस्तू ठेवू नये. तेथे खडी पसरावी. सरपण ३० फूट दूर रचावे. पन्हळ वरचेवर झाडावी.

वणव्यानंतर पावसाचीही भीती असते. पाला जळालेला, मुळे मेलेली. मग माती धरणार कोण? त्याच राज्यात माँटेसिटो गावावर ९ जानेवारी २०१८ रोजी जळालेल्या डोंगरावरून चिखल आणि दगडांचा लोंढा आला. वीसहून अधिक माणसे गेली. म्हणून ओढ्याच्या तोंडाशी घर बांधू नये. उतारावरची जिवंत झाडे राखावी.

आपल्या सह्याद्रीतही वणवे लागतात. तेव्हा मंडळी, आज घराभोवती एक फेरी मारा. भिंतीला टेकून कडबा, गवत, काटक्या आहेत का? असतील तर हलवा. वारा काही आपलं ऐकत नाही. भिंतीजवळची ५ फूट जागा मात्र आपल्याच हातात आहे.