नंबर काढणारी मुलगी

बारावीचा निकाल लागला, की तालुक्याच्या गावात सायन्सच्या मुलींच्या दोन रांगा होतात. 'नीट'मध्ये चांगले मार्क मिळालेल्या आणि न मिळालेल्या. पहिलीच्या घरी पेढे वाटले जातात. दुसरीला सांगतात, "आता इथंच बी.एस्सी. करून घे, तोवर स्थळं बघू." या दोन रांगांच्या मधेही बऱ्याच वाटा आहेत, पण त्या सांगणारं कुणी भेटत नाही. मैत्रिणींनो, त्यातल्याच एका वाटेबद्दल आज लिहिते आहे. ती वाट आहे ऑप्टोमेट्रीची, म्हणजे दृष्टी तपासण्याच्या शास्त्राची.

नाव जड असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. एमबीबीएसनंतर डोळ्यांचं शिक्षण घेऊन शस्त्रक्रिया करतात ते नेत्रतज्ज्ञ. दुकानात फ्रेमला काच बसवून देतो तो ऑप्टिशियन. या दोघांच्या मधला माणूस म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. तो नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स देतो, मुलांचा तिरळेपणा ओळखतो आणि काचबिंदूची किंवा मधुमेहाची शंका आली तर वेळेवर डॉक्टरांकडे पाठवतो. याच्या पदवीचं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं असतं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाची ऑप्टोमेट्रीची शाळा १९८५ साली सुरू झाली. दिल्लीच्या एम्समध्ये हा अभ्यासक्रम आहे, मुंबई-पुण्यातही आहे. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्या यादीत ऑप्टोमेट्रिस्टचंही नाव आहे.

मी स्वतः कला शाखेची. या शास्त्राशी माझा संबंध आला तो आमच्या महिला मंडळाच्या नेत्रशिबिरांमुळे आणि आमच्या गल्लीतल्या एका मुलीमुळे. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, वडील कृषी केंद्रात कामाला, आई घरी ब्लाउज शिवते. २०२२ साली ती बारावी झाली. 'नीट'मध्ये गुण कमी पडले म्हणून गावातच बी.एस्सी.ला नाव घातलं. शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसायला ती यायची. तिथं नंबर काढणाऱ्या ताईंना प्रश्न विचारून विचारून तिने या अभ्यासक्रमाची माहिती काढली आणि जानेवारीत मला म्हणाली, "काकू, मला एम्सची परीक्षा द्यायची आहे."

घरी सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न आला, "चार वर्षं शिकून शेवटी चष्मेच विकशील ना?" त्या माउलीचा दोष नाही. आपण नंबर काढायला जातो ते चष्म्याच्या दुकानातच. तिथं नंबर काढणाऱ्याचं शिक्षण काय, हे आपण कधी विचारतो का?

फॉर्म भरणं हीच पहिली परीक्षा ठरली. एम्सचा अर्ज तेव्हा दोन टप्प्यांत होता. आधी प्राथमिक नोंदणी आणि ती मंजूर झाल्यावरच अंतिम अर्ज. परीक्षेची जाहिरात निघाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची नोंदणी चुकते ती इथेच. फोटो आणि सही त्यांच्या मापात बसेपर्यंत सेतू केंद्रात आमच्या तीन खेपा झाल्या.

पेपर असा होता : ९० प्रश्न, ९० मिनिटं, सगळा कॉम्प्युटरवर. भौतिकशास्त्राचे ३०, रसायनशास्त्राचे ३० आणि जीवशास्त्राचे किंवा गणिताचे ३०. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. म्हणजे तीन चुका झाल्या की एक बरोबर उत्तर गेलं. मला गणितातलं फारसं कळत नाही, पण बाजारहाट करणाऱ्या बाईला हा हिशेब लगेच समजतो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडायचा, असं बारा प्रश्नांना केलं तर सरासरी तीन बरोबर येतील आणि नऊ चुकतील. नऊ चुकांचे तीन गुण गेले, हाती शून्य! मात्र एखादा पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्यांतून निवडण्यात फायदा असतो. म्हणून तिने नियमच केला. निदान एक पर्याय खात्रीने खोडता आला तरच उत्तर द्यायचं, नाहीतर पुढे जायचं.

सकाळी पाच ते सात अभ्यास, मग कॉलेज, संध्याकाळी आईला काज-बटणाला मदत आणि रात्री परत दोन तास. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं जुनी, अर्ध्या किमतीत मिळाली. रविवारी आमच्या ओट्यावर घड्याळ लावून ९० प्रश्न सोडवायचे. जीवशास्त्र आधी, कारण ते भरभर होतं. तिथं वाचलेली मिनिटं भौतिकशास्त्राच्या गणितांना. घरी कॉम्प्युटर नव्हता. माऊसची सवय व्हावी म्हणून ती आठवड्यातून दोनदा सायबर कॅफेत जाऊन बसायची.

अडत होतं ते भौतिकशास्त्राचं. भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले नाभीय अंतर, हे सूत्र तोंडपाठ होतं, पण प्रश्न जरा फिरवून आला की घोटाळा. एक दिवस मी म्हटलं, "मला कळेल असं सांग बरं." ती घरात गेली आणि आईचा जवळचं दिसण्याचा चष्मा घेऊन आली. शिबिरात दिलेला, नंबर अधिक दोन. दुपारच्या उन्हात तो भिंतीसमोर धरला आणि हळूहळू मागे नेला. भिंतीवर पडलेला उजेड लहान लहान होत एका ठिकाणी अगदी ठिपक्याएवढा झाला. तिने आईला हाक मारली, "आई, तुझी टेप आण." आईने शिलाईची टेप लावली. जवळजवळ वीस इंच!

"वीस इंच म्हणजे अर्धा मीटर," ती म्हणाली. "एक भागिले अर्धा म्हणजे दोन. म्हणून तुझा नंबर दोन."

आईने ती टेप दोनदा लावून बघितली. मग विचारलं, "मग माझ्या डोळ्याला हे वीस इंच कशाला लागतात?" चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना पूर्वीसारखं फुगत नाही, तेवढी कसर चष्मा भरून काढतो, हे लेकीने आईला समजावलं. सुईत दोरा ओवता येईना म्हणून जी बाई वर्षभर शेजारणीच्या पोरांना हाका मारत होती, तिला त्याचं कारण स्वतःच्या लेकीकडून कळलं. त्या दिवसानंतर 'चष्मे विकणार' हा शब्द त्या घरात मी ऐकला नाही.

पण खरी कसोटी पुढेच होती. परीक्षेच्याच दिवशी पाहुणे बघायला येतो म्हणाले. मुलगा नोकरीत, घरचं शेत, नात्यातलं स्थळ. वडील म्हणाले, परीक्षा काय पुढच्या वर्षीही देता येईल. आत्याने फोनवर आईला चार गोष्टी सुनावल्या. आई मशीनवर बसली होती. पायडल न थांबवता म्हणाली, "त्या दिवशी पोरगी घरी नाही. त्यांना दुसरा दिवस विचारा." पाहुण्यांनी दुसरा दिवस कळवला नाही. कुणाचं काही अडलंही नाही.

केंद्र नागपूरला आलं. आदल्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. त्या वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे दोघींचं मिळून एकीच्या खर्चात भागलं. मुक्काम तिच्या मामाकडे. पिशवीत प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि दशम्या. मोबाइल माझ्याकडे ठेवून ती आत गेली. बाहेर आल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाली, "काकू, एकोणीस सोडले. मन घट्ट करून सोडले."

एम्सच्या यादीत तिचं नाव आलं नाही. जागा अगदी मोजक्या आणि परीक्षेला मुलं साऱ्या देशातून बसतात. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच मला बोलावलं. "ताई, अजून कुठं परीक्षा असते का हो?" होती. पुण्यातल्या एका महाविद्यालयाची, विषय तेच, तयारी झालेलीच. तिथं तिचं नाव लागलं. बँकेचं कर्ज काढलं, आईच्या दोन बांगड्या मोडल्या. वडील स्वतः पुण्याला पोचवायला गेले.

२०२५च्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. आमच्या मंडळाच्या शिबिरात नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली तिने दिवसभर तपासणी केली. 'मला काही झालं नाही, चांगलं दिसतं' म्हणणाऱ्या बायकाही तिच्यासमोर मोकळेपणाने बसल्या. 'डाळ-तांदूळ निवडताना खडा राहून जातो, सुनेला सांगायची लाज वाटते,' असं एकीने तिला हळूच सांगितलं. ही गोष्ट लहान नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन केलेला एक अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. चष्मा मिळालेल्यांचं काम, न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं होतं. नुसत्या एका चष्म्याने! आपल्या गावात शिवणारी, निवडणारी, खुरपणारी बाई अशीच हाताला आणि नजरेला बांधलेली असते.

ज्यांच्या घरी बारावी सायन्सची मुलगी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. 'नीट' हुकली म्हणून नाइलाजाने या वाटेला जाऊ नका. हे काम काय असतं ते एखाद्या शिबिरात, दवाखान्यात मुलीला आधी बघू द्या. प्रवेशाचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात आणि नव्या कायद्यामुळे बदलतही आहेत, म्हणून त्याच वर्षीचं माहितीपत्रक वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. संस्थेला मान्यता आहे का, प्रत्यक्ष रुग्ण तपासायला कुठं मिळतात, हे फी भरण्याआधी विचारा. एकाच परीक्षेवर भिस्त ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी अर्ज करा.

आणि आयांनो, परीक्षेच्या दिवशी पाहुणे यायचे म्हणाले, तर पाहुण्यांना दुसरा दिवस सांगा. परीक्षेचा दिवस बदलून मिळत नाही.